निनावी टिपणीस

मिथ्या वस्तू भिंतीवरून उतरवायला सव्वादोन तास लागतात, हे वेदान्ताच्या कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. पंढरीनाथ टिपणिसांना ते एका रविवारी सकाळी, हातात पेचकस घेऊन, स्टुलावर उभं असताना कळलं. दाराशेजारच्या भिंतीवर ‘पं. गो. टिपणीस’ अशी पितळी पाटी चार स्क्रूंवर होती. तीन निघाले. चौथ्याची मात्र जग सत्य आहे अशी ठाम श्रद्धा असावी. तो हलेना.

शांती नगरात कुणी स्क्रू काढायला घेतला आणि जिन्यात माणसं जमली नाहीत, असं आजवर झालेलं नाही. वरच्या मजल्यावरून ‘घासलेट सोडा’ असा सल्ला आला, खालच्या मजल्यावरून ‘मेणबत्तीने तापवा’ असा. एकजण म्हणाले, भिंतीच्या पलीकडून ठोका. पलीकडे टिपणिसांच्या स्वयंपाकघरातलं डब्यांचं फळकूट होतं. तेही ठोकून झालं. डाळीचे दोन डबे पडले, आणि मग चौथा स्क्रू निघाला तो आपल्यासोबत भाकरीएवढा गिलावा घेऊन. आत नुसती रेती. सिमेंटचा नुसता भास होता, खाली आधार म्हणून रेती होती.

“बघा!” टिपणीस स्टुलावरून आनंदाने म्हणाले. “दोरीवर साप दिसतो तसं हे. रेतीवर सिमेंट!”

“मग बिल्डरला दाखवा ना,” खालचा सल्लागार म्हणाला.

समोरच्या दारात हंसाबेन उभ्या होत्या. ह्या बाई गेली चार वर्षं टिपणिसांच्या शेजारी, आणि त्यांची मराठी, हिंदी, गुजराती एकाच पिशवीत भरलेली.

“टिपणीसभाई, नाम केम काढी नाख्यु? घर बेच दिया?”

“घर नाही हंसाबेन. नाम छोड दिया.”

“किसके पास?”

आता ह्याला काय उत्तर द्यावं? टिपणिसांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांत रेती गेली होती हेही एक कारण होतंच.

गोष्ट अशी की गेले चार महिने दर रविवारी संध्याकाळी सेक्टरच्या हॉलमध्ये एक शास्त्रीबुवा अद्वैत सांगत. आत्मा एकच, बाकी नाव आणि रूप ही वरची टरफलं. घड्यातलं आकाश आणि घड्याबाहेरचं आकाश वेगळं वाटतं ते घड्यामुळे. घडा फुटला की एकच आकाश. हा घड्याचा दाखला फोर्टच्या पगारदार कारकुनांनाही अवघड जातो म्हणतात. टिपणिसांना तो पहिल्या दमात कळला, कारण त्यांनी मीरा रोडला फ्लॅट घेतला होता. सुपर बिल्ट-अप म्हणजे कागदावर जी दिसते, ज्यात कॉट टाकायला जावं तर जी नसते, ती जागा. मायेची इतकी नेमकी व्याख्या शास्त्रीबुवांनाही सुचली नव्हती. त्या दिवशी टिपणीस हॉलमधून घरी आले ते चालत नव्हे, तरंगत. आणि घरी येऊन दारावर स्वतःचंच नाव पाहिलं तेव्हा त्यांना शरम वाटली. रोज ह्या टरफलाला आपण ब्रासोने पुसतो!

“पाटी काढतोय,” त्यांनी बायकोला सांगितलं. “नाम आणि रूप मिथ्या आहे.”

मृणालिनीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “काढा की. पाटीवर माझं नाव होतं कुठे? मी सव्वीस वर्षं अद्वैतातच आहे.”

टिपणिसांना हा विनोद वाटला, म्हणून ते हसले. पुरुष अशा वेळी हसतात.

मृणालिनीबाईंचा जीव पाटीत नव्हताच. तो होता टेलिफोनमध्ये. त्र्याऐंशी साली गिरगावात असताना टिपणिसांनी फोनसाठी नाव नोंदवलं, सत्याऐंशीत तो अर्ज मीरा रोडला बदलून घेतला, आणि आता एक्क्याण्णव उजाडलं होतं. मधल्या काळात संपदा, त्यांची एकुलती एक लेक, बी. कॉम. झाली, लग्न होऊन पार चंद्रपूरकडे एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत गेली, आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली, आणि विहीणबाईंनी वर पत्रात लिहिलं, ‘तुमच्याकडे पाणी टँकरचं असतं असं ऐकतो.’ हे वाक्य मृणालिनीबाईंनी तीनदा वाचलं होतं. त्यांनी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेचं तिकीट काढलं होतं. तोवर लेकीचा आवाज ऐकायला एक फोन, एवढीच त्यांची मागणी. आणि टेलिफोन खात्याचं पोस्टकार्ड आलं होतं: लवकरच जोडणी होईल.

अशा वेळी टिपणिसांनी दारावरचं नाव काढलं.

काढलेली पाटी त्यांनी रद्दीवर ठेवली, भंगारवाल्यासाठी. हंसाबेनने ती उचलली. “पित्तल छे, भाई. ऊपर से आदमी का नाम छे. भंगार मां न अपाय.” आणि त्यांनी ती जपून ठेवायची म्हणून कुठे ठेवावी? स्वतःच्या दाराशेजारी, स्वतःच्या ‘शुभ लाभ’खाली, खिळा ठोकून. कुणी टिपणिसांना शोधत आलं तर विचारेल, आपण समोरचं दार दाखवू, असा त्यांचा साधा हिशेब. टिपणिसांनी पाहिलं आणि हरकत घेतली नाही. ही दोन दारं वेगळी वाटतात हाच तर भास!

पहिल्या आठवड्यात ईश्वर आला. हा इस्टेट एजंट. सिल्व्हर पार्कपासून स्टेशनपर्यंत ज्या दारावर पाटी नाही तो फ्लॅट विकाऊ आहे, असा त्याच्या धंद्यातला सिद्धान्त होता, आणि तो शंभरातल्या नव्वद वेळा खरा ठरे. टिपणीस घरी हॉलमध्ये आसन घालून ‘नेति, नेति’, हे नव्हे, तेही नव्हे, करत बसले होते. दार उघडंच होतं. सहा माणसांचं एक कुटुंब चपला न काढता आत आलं.

“ये हॉल,” ईश्वर म्हणाला. “हवा एकदम क्रॉस.”

एका बाईने मोरीत डोकावून नळ सोडला. नळाने शिंक दिली. आजोबांनी पावलांनी भिंत मोजली आणि त्यात टिपणिसांना एका बाजूने वळसा घातला. टिपणीस हलले नाहीत. साक्षीभाव म्हणजे काय, ते आज त्यांना दाखवायचं होतं. कुणाला, ते ठरलेलं नव्हतं.

शेवटी त्या बाईने दबक्या आवाजात विचारलं, “ये अंकल फ्लॅट के साथ है क्या?”

“नहीं नहीं,” ईश्वर म्हणाला, “खाली करके देंगे.”

इथे मात्र ब्रह्म खवळलं. पाहुण्यांची पाठवणी कशी झाली, ते जिन्यातल्या मंडळींनी मिटक्या मारत पुढे वर्षभर सांगितलं. मृणालिनीबाई एवढंच म्हणाल्या, “अहो, त्यांना निदान पाणी तरी विचारायचं.” मग आठवलं की आज टँकर यायचा होता.

दुसऱ्या आठवड्यातला पेच अधिक नाजूक होता. सोसायटीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक सभासदाने दारावर नाव लावणं बंधनकारक. नाही लावलं तर सेक्रेटरीने नोटीस द्यायची. सोसायटीचे मानद सेक्रेटरी होते पंढरीनाथ टिपणीस. माणूस कर्तव्यदक्ष. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर ‘महोदय, आपल्या सदनिकेवर नामफलक आढळून आलेला नाही’ अशी नोटीस लिहिली, दोन पावलं चालून स्वतःच्या दाराखालून आत सरकवली, आत जाऊन उचलली, आणि पोच दिली. मग सभासद ह्या नात्याने चार पानी खुलासा लिहिला: मी म्हणजे हा देह नाही, देहाला दिलेलं नाव तर नाहीच नाही, सबब फलक कुणाचा लावावा? सेक्रेटरी ह्या नात्याने तो वाचला. भाषा त्यांना आवडली. पण नियमात बसत नव्हती. ‘खुलासा असमाधानकारक’ असा शेरा मारून त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. ह्या पत्रव्यवहाराने ते इतके दमले की त्या दिवशी ध्यान झालं नाही.

आणि मग तो बुधवार. टिपणीस ऑफिसात, मृणालिनीबाई खाली टँकरच्या रांगेत, आणि जिन्यावरून वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन लाइनमन दशरथ आला. हा जुन्या भाईंदरातल्या कोळीवाड्याचा. बाप होडीवर, हा खांबावर. त्याच्या कागदावर लिहिलेलं, ‘पं. गो. टिपणीस, दुसरा मजला.’ फ्लॅटचा नंबर नव्हता, कारण अर्ज बदलला तेव्हा बिल्डिंगीला नंबरच पडले नव्हते.

दशरथने दोन्ही दारं पाहिली. एकावर खपली निघालेली भिंत. दुसऱ्यावर लखलखीत ‘पं. गो. टिपणीस’, हंसाबेन ती पाटी आपल्या देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासत.

“अरे भाई, ये घर टिपणीस का नथी,” हंसाबेन म्हणाल्या.

“पाटी हाय ना?”

“पाटी उनकी छे. घर हमारा छे.”

“बाय, आमाला पाटी बघाची, घर न्हाय. परत नेला तं पुन्ना नंबर लागाला चार वर्सां.”

हंसाबेनच्या डोळ्यांपुढे मृणालिनीबाई आल्या. खाली हंड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या, आणि रोज पोस्टमनला ‘टेलिफोनवाल्यांचं काही आलं का’ विचारणाऱ्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “लगा दो, भाई. इधर ज लगा दो.”

अर्ध्या तासात काळा फोन हंसाबेनच्या हॉलमध्ये, लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसला.

टिपणिसांनी रजा टाकली आणि टेलिफोन ऑफिसात गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे फोन तुमच्या नावाचा, तुमच्या पाटीच्या दारात लागलाय. तक्रार काय आहे?”

“ते दार माझं नाही.”

“पाटी?”

“पाटी... होती माझी. आता मी नाव मानत नाही.”

“मग अर्जावर सही काय करणार?”

मग व्यावहारिक सत्ता आणि पारमार्थिक सत्ता ह्यांतला भेद टिपणिसांनी दहा मिनिटं समजावून दिला. मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. गृहस्थांनी चहा संपवला. “साहेब,” ते म्हणाले, “ह्या खिडकीपुढे आठ वर्षं उभे राहिलेले सगळेच वेदान्ती होतात. शिफ्टिंगचा फॉर्म बाजूला मिळेल. वर्षभरात होईल. दारावर पाटी लावून ठेवा.”

त्या संध्याकाळी मृणालिनीबाईंनी भांडी घासली, पुसली, जागेवर लावली, आणि पुन्हा काढून घासली. टिपणिसांना कळलं की हे बरं लक्षण नाही. “अहो, समोर तर आहे फोन,” त्यांनी समजूत काढली. “आपलं आणि त्यांचं असा भेद मनाचा.”

“हो ना,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “लेकीशी बोलताना समोर हंसाबेन, त्यांची जाऊ, आणि पापड लाटायला आलेल्या चौघी. तिला कुठे दुखतंय ते मी सगळ्यांदेखत विचारीन. भेद कसला त्यात.”

लागलं ते टिपणिसांना. पण घायाळ झालेला साधक दुप्पट साधना करतो. त्यांनी चाळीस दिवसांचं व्रत धरलं: नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही. ऑफिसात मस्टरवर सही केली, पण साक्षीभावाने. साहेबांनी ‘टिपणीस!’ म्हणून तीनदा हाक मारली आणि शेवटी उठून आले; त्याचा मेमो मिळाला, तोही साक्षीभावाने फाइल केला. घरात मात्र व्रताला काहीच धक्का नव्हता. मृणालिनीबाईंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या ‘अहो’ म्हणत, आणि ‘अहो’ला ओ द्यायला शास्त्राची आडकाठी नव्हती.

व्रताचा अकरावा दिवस रविवार होता. मृणालिनीबाई सकाळीच भाईंदर पूर्वेला गेल्या होत्या. डिंकाच्या लाडवांसाठी डिंक आणि खारीक तिथे बरी मिळते. टिपणीस कडी लावून आसनावर बसले. दहाच्या सुमाराला समोर घंटी वाजली. लांबलचक, थांबत थांबत. ट्रंक कॉल.

मृणालिनीबाईंनी नंबर पत्राने कळवला होता, पण संपदाच्या कॉलनीतून तो थेट फिरवता येत नसे. जावई जितेंद्र माणूस नेमका. त्याने सासऱ्यांच्या नावाने पी. पी. कॉल मागितला होता. ज्याचं नाव दिलं तोच माणूस फोनवर आला पाहिजे, नाही आला तर ऑपरेटर लाइन सोडून देणार, असा तो कॉल.

“पी. जी. टिपणीस आहेत का?” ऑपरेटरबाईंचा आवाज.

“छे, छे! सामने छे! एक मिनिट, बेन, फोन मूकता नहीं!” हंसाबेन रिसीव्हर लोणच्याच्या बरणीवर टेकवून धावल्या आणि टिपणिसांचं दार बडवू लागल्या. “टिपणीसभाई! ओ टिपणीसभाई! ट्रंक कॉल!”

आत टिपणिसांनी ऐकलं. ही हाक कुणाला? त्या टरफलाला. मी तो नव्हे. त्यांनी श्वास वर ओढला.

“पंढरीनाथभाई!”

तोही मी नव्हे. नेति.

हंसाबेन आपल्या दारात गेल्या, रिसीव्हरमध्ये “आवे छे, आवे छे” म्हणाल्या, परत आल्या, दोन्ही मुठींनी दार बडवलं. ऑपरेटरबाई तिकडे म्हणत होत्या, “पार्टी हजर नसेल तर मी कॅन्सल करते.” इतक्यात जिन्यावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कृष्णाबाई चढली. उत्तनची कोळीण. दर रविवारी टिपणिसांकडे मासळी तिचीच.

“काय गो बेन? मेला का काय आत?”

“फोन छे! छोकरी के घर से! नाम लेकर बुलाती हूं, बोलता ज नथी!”

कृष्णाबाईने पाटी खाली टेकली, कमरेवर हात ठेवले आणि समुद्रावर हाक मारावी तशी हाक मारली:

“आवो संपदाचे बापूस!”

दाराची कडी अशी उडाली की ती पुढे महिनाभर सापडली नाही. सांगणारे सांगतात की टिपणीस आसनावरून उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून सरळ समोरच्या घरात, फोनपाशी प्रकट झाले. मधली जागा त्यांनी ओलांडलेली कुणीही पाहिली नाही. पंचा मात्र कृष्णाबाईच्या बोंबलांत सापडला. आत चड्डी होती, ही देवाची कृपा.

“हॅलो! हॅलो!”

“पार्टिक्युलर पर्सन पी. जी. टिपणीस?”

“मी! मीच!”

“पूर्ण नाव सांगा.”

“पंढरीनाथ गोविंद टिपणीस! दुसरा मजला! वडील गोविंद रामचंद्र, मूळ गाव महाड! हेड क्लार्क! रेशनकार्ड माझ्याच नावावर! मीच तो, बाई, लाइन सोडू नका!”

“इतकं नको,” ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजातही जरा हसू होतं. “बोला.”

खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा जितेंद्रचा आवाज आला. काल संध्याकाळी एकदम त्रास झाला. दिवस भरले नव्हते. रात्र काळजीची गेली. पहाटे मुलगी झाली. अडीच किलो. दोघी सुखरूप.

“संपदा?” टिपणिसांनी विचारलं.

“झोपलीये, बाबा. तुम्हाला सांगा म्हणाली. आईंना आधी सांगा म्हणाली.”

तीन मिनिटं झाली. लाइन गेली. टिपणीस रिसीव्हर कानाला धरून तसेच उभे, आणि डोळ्यांतून धारा. ह्या वेळी रेती नव्हती.

मृणालिनीबाई खारकांची पिशवी घेऊन जिना चढत होत्या तेव्हा त्यांना हे सगळं एकदम दिसलं: सताड उघडं दार, जिन्यात मासळीची पाटी, तिच्याशेजारी बसून हंसाबेन आणि कृष्णाबाई एकमेकींना साखर भरवताहेत. हंसाबेनच्या घरात मासळीची सावलीही चालत नसे, हे लक्षात घ्या. आणि आपले यजमान चड्डीवर, परक्या घरात, रडताहेत. त्यांचा जीव उडाला. मग टिपणीस वळले आणि म्हणाले, “आजी झालीस.”

मृणालिनीबाईंनी पिशवी खाली ठेवली. आणि हंसाबेनच्या उंबऱ्यावर बसल्या.

दुपारी पंधरा तारखेचं तिकीट बदलून मंगळवारचं केलं गेलं; त्यासाठी टिपणीस रिझर्व्हेशनच्या फॉर्मवर आपलं नाव मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहून आले. आणि संध्याकाळी, जेवणाआधी, त्यांनी एक फुलस्केप कागद घेतला. वर लिहिलं, ‘नावे’.

“नाव ठेवायचा मान आत्याचा असतो,” मृणालिनीबाई लाडू वळता वळता म्हणाल्या.

“सुचवायला काय हरकत आहे?”

आठ वाजेपर्यंत सव्वीस नावं झाली. चिन्मयी, मुक्ता, निरंजना, असा ओघ होता. मध्येच एक ‘उपाधी’ही होतं, ते खोडलेलं. टिपणीस पेन्सिल चावत होते.

“नाव मिथ्या असतं ना हो?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“ते माझं,” टिपणीस म्हणाले. “हिचं कसं असेल? आत्ता तर आलीये.”

ते हात धुवायला गेले. परत आले तर कागदावर सत्ताविसावं नाव होतं. अक्षर त्यांचं नव्हतं. डिंकाचा तुपकट ठसा होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘नीलम’.

नीलम कोण? टिपणिसांना क्षणभर उलगडेना. मग डोळ्यांपुढे ताटात पसरलेले तांदूळ आले. सव्वीस वर्षांपूर्वीचं लग्न. आईने कानात सांगितलेलं, ‘नीलम सगळ्यांना लाभत नाही बरं, नाव बदल.’ आणि अंगठीने तांदळात नवीन नाव लिहिणारा एक तरुण, फार खुशीत, वळणदार अक्षरात: मृणालिनी. समोर बसलेल्या मुलीला त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मृणालिनीबाई स्वयंपाकघरात लाडू डब्यात भरत होत्या. पाठ वळलेली.

टिपणिसांनी कोरं अंतर्देशीय घेतलं, जावयाला आणि लेकीला आशीर्वाद लिहिले, आणि मग सुचवलेली नावं लिहिली. पत्र चिकटवण्याआधी मृणालिनीबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. सुचवलेल्या नावांच्या जागी एकच नाव होतं.

“आणि त्या आत्याबाई ऐकतील?” त्या म्हणाल्या.

“ते मात्र सांगता येत नाही,” टिपणीस पत्राला थुंकी लावत म्हणाले. “तिथे वेदान्त चालत नाही.”